बोटभर सैनिकाचे निशाण खरे असावे

भोपाळच्या अरेरा कॉलनीतील बिट्टन मार्केट म्हटले की तेथील रहिवाशांना दोन गोष्टी आठवतात : भाजीचा हाट आणि दसऱ्याचे मैदान. बांबू आणि कागद यांपासून उभारलेला रावण या मैदानावर जाळला जातो. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराची जी गत होते, तीच येथे सुमारे तीन आठवडे आधी रावणाची होते. रावणाची राख विझली की मराठी घरांतील मुलांना दिवाळीच्या किल्ल्याचे वेध लागतात. माती, दगड, पोती आणि अळिवाचे दाणे जमतात. मातीचे मावळे येतात. आणि शेवटी प्रश्न उरतो तो निशाणाचा. किल्ल्याच्या माथ्यावर कागदाचा एक भगवा तिकोन टोचला की बहुतेकांचे समाधान होते. मात्र छोट्या सैनिकांचा छंद गंभीरपणे जोपासणाऱ्यांचे खरे काम येथेच सुरू होते.

रंगवलेल्या छोट्या सैनिकांच्या पलटणी मेजावर मांडून इतिहासातील लढाया नियमांनुसार खेळण्याचा छंद जगभर आहे. त्याची मुळे प्रशियाच्या सैन्यात सापडतात. राइसविट्झ पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळ तयार केला आणि १८२४ मध्ये त्याचे नियम छापले गेले. १८९३ मध्ये इंग्लंडमधील विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने आतून पोकळ असे शिशाचे सैनिक बाजारात आणले, तेव्हा खेळण्यातील सैन्य स्वस्त झाले. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून हा खेळ घराघरांत नेला. आज धातूचे, प्लॅस्टिकचे आणि राळेचे सैनिक मिळतात. मराठी मुलांचा मातीचा मावळा हा त्यांचाच भाऊबंद होय. फरक इतकाच की, तो किल्ल्यावर पहारा देतो आणि हे मेजावर लढतात.

निशाण कशासाठी?

बंदुका आणि तोफांच्या धुरात सैनिकाला आपला सरदार दिसत नसे. दिसे ते उंच धरलेले निशाण. ते पुढे गेले की पुढे जायचे, थांबले की थांबायचे, पांगापांग झाली की त्याच्याभोवती जमायचे. निशाण पडले की सरदार पडला अशी आवई उठे आणि जिंकत आलेली फौजही मागे फिरे. म्हणून निशाण धरणाऱ्या निशाणबरदाराचे काम मानाचे आणि तितकेच जोखमीचे होते.

मेजावरच्या लढाईत निशाण जवळजवळ हेच काम करते. हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला सैनिकाच्या पागोट्याचा पेच किंवा अंगरख्याचा बंद दिसत नाही. चाळीस घोडेस्वारांतून कोणती तुकडी होळकरांची आणि कोणती शिंद्यांची, हे सांगणारी एकमेव वस्तू म्हणजे निशाण. पाहणाऱ्याची नजर प्रथम त्याच्यावर जाते, तेव्हा चूकही तेथेच ठळक दिसते. सैनिक कितीही सुरेख रंगवलेला असला, तरी त्याच्या हाती चुकीचे निशाण दिले तर तो दुसऱ्याच कोणाच्या सैन्यात जाऊन उभा राहतो.

भोपाळची लढाई आणि दोन रंगांची चूक

ही चूक कशी होते, हे समजून घेण्यास भोपाळइतके योग्य उदाहरण शोधून सापडणार नाही. मार्च १७३७ मध्ये बाजीराव पेशवे यांनी थेट दिल्लीवर धडक मारली. धास्तावलेल्या बादशहाने दख्खनच्या निजामउल्मुल्काला उत्तरेत बोलावले आणि मराठ्यांना माळव्यातून हटवण्याचे काम त्याच्यावर सोपवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात निजाम भोपाळपर्यंत आला. बाजीरावांनी नर्मदा ओलांडून त्याला गाठले. निजामाचा तोफखाना जड होता; मराठ्यांचा भर हलक्या घोडदळावर होता. निजाम भोपाळच्या तटबंदीच्या आश्रयाला गेला आणि मराठ्यांनी त्याची रसद तोडली. दक्षिणेतून नासिरजंगाची कुमक येऊ नये म्हणून चिमाजीअप्पा तापीच्या बाजूला पाळतीवर होते. अखेर अन्नाविना कोंडलेल्या निजामाने ७ जानेवारी १७३८ रोजी, आजच्या सीहोर जिल्ह्यातील दोराहा येथे, तह केला. माळवा, नर्मदा आणि चंबळ यांमधील मुलखाचा अधिकार आणि युद्धखर्चापोटी पन्नास लाख रुपये मिळवून देण्याचे त्याने मान्य केले.

ही लढाई मेजावर मांडायची झाली तर सवयीने काय घडेल? मराठ्यांच्या बाजूला सगळे झेंडे भगवे आणि समोर सगळे हिरवे, त्यावर चंद्रकोर. दोन रंगांत लढाई उरकली. परंतु निजामाच्या छावणीत राजपूत राजांच्या आणि बुंदेल्यांच्या तुकड्याही होत्या. ती दिल्लीच्या बादशहाची फौज होती आणि अनेक घराणी आपापली निशाणे घेऊन तीत सामील झाली होती. दोन धर्मांच्या दोन फौजा असे तिचे चित्र रंगवले, की माळव्याच्या महसुलासाठी आणि सत्तेसाठी झालेली लढाई भलत्याच लढाईत बदलते. मेजाभोवती जमलेली मुले तेच चित्र मनात घेऊन मोठी होतात. बोटभर कागदाच्या रंगाला इतके महत्त्व आहे ते यासाठी.

कोणाच्या हाती काय द्यावे?

मराठ्यांच्या बाजूने आरंभ करू. भगवा झेंडा हा स्वराज्याचा. त्याचे मोकळे टोक दुभागून दोन शेपट्या झालेला. जरीपटका त्याहून निराळा. नावाप्रमाणेच तो जरीच्या कामाचा, आणि छत्रपतींच्या वतीने फौजेचे नेतृत्व करणाऱ्याचा मान. त्यामुळे मेजावर जरीपटका एकच असावा आणि तो मुख्य सेनापतीजवळ, शक्य तर हत्तीवर असावा. प्रत्येक पथकाला जरीपटका देणे म्हणजे प्रत्येक पथकात एक पेशवा उभा करण्यासारखे आहे. पथकांना साधा भगवा पुरे.

निजामाच्या बाजूला बादशाही निशाणे हवीत. अबुल फज्ल याने ‘आईन-ए-अकबरी’त मोगलांच्या राजचिन्हांची नोंद केली आहे. तीत ‘अलम’ आहे, वनगाईच्या शेपटीच्या केसांचे झुबके लावलेले ‘तोग’ आहेत आणि झेंडाही आहे. म्हणजे या सैन्यातील प्रत्येक निशाण कापडाचेच असेल असे नाही. काठीवर बसवलेले धातूचे चिन्ह किंवा केसांचा झुबका हेही निशाणच. मोगल दरबाराचा मोठा मान म्हणजे ‘माही मरातिब’. त्यात काठीवर सोनेरी मुलाम्याचे माशाचे मुख असे. हाच मान पुढे शाह आलम बादशहाकडून महादजी शिंदे यांना मिळाला. एकाच चिन्हाचा प्रवास एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे कसा होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

निजामाच्या आसफजाही घराण्याचा पुढील काळातील हैदराबादी ध्वज पिवळा होता. त्याच्या मध्यभागी कुलच्याचे, म्हणजे वाटोळ्या रोटीचे चिन्ह होते. हिरव्या रंगाचा आग्रह धरणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. राजपूत तुकड्यांसाठी त्या त्या घराण्याची परंपरा पाहावी. जयपूरच्या कछवाहांचा पाच पट्ट्यांचा पचरंगा प्रसिद्ध आहे. आधार जेथे संपतो तेथे कल्पनेने चिन्हे भरण्यापेक्षा एकरंगी साधे निशाण देणे केव्हाही इष्ट. साधेपणा खोटा ठरत नाही.

माप कसे काढावे?

निशाण खरे वाटण्यास रंगाइतकेच माप महत्त्वाचे. युद्धखेळात सर्वांत प्रचलित सैनिक २८ मिलिमीटरचे असतात, आणि ही उंची बहुधा तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात. खऱ्या माणसाच्या तुलनेत ते सुमारे ५५ पट लहान होतात. दीड मीटर रुंदीचे निशाण त्यांच्या हाती सुमारे २७ मिलिमीटरचे होईल आणि तीन मीटरची काठी ५५ मिलिमीटरची. पंधरा मिलिमीटरचे सैनिक सुमारे १०० पट लहान. त्यांचे निशाण १५ मिलिमीटरचे. ब्रिटन कंपनीच्या धर्तीचे ५४ मिलिमीटरचे सैनिक ३२ पट लहान. त्यांचे निशाण सुमारे ४७ मिलिमीटरचे. दिवाळीचा दहा सेंटिमीटर उंचीचा मातीचा मावळा साधारण साडेसोळा पट लहान असतो, त्याला नऊ सेंटिमीटरचे निशाण शोभेल. दुरून ओळखू यावे म्हणून कित्येक जण निशाण थोडे मोठे करतात. त्यात गैर काही नाही. मात्र काठी धरणारा हात त्या ओझ्याखाली दबलेला वाटू नये.

कापड नको, कागद हवा

निशाण कापडाचे, तेव्हा ते कापडाचेच करावे असे नवख्याला वाटते. येथेच तो फसतो. साध्या सुती कापडाचा धागा ०.२ मिलिमीटर जाड धरला, तरी ५५ पटींच्या हिशेबाने तो ११ मिलिमीटरचा दोरखंड होतो. असे विणकाम कोणत्याही सैन्याने फडकवलेले नाही. शिवाय एवढ्याशा तुकड्याला स्वतःचे वजन नसल्याने तो लवत नाही, ताठ उभा राहतो.

छपाईच्या साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. त्याच हिशेबाने ती साडेपाच मिलिमीटर, म्हणजे घोंगडीसारखी होते. पण कागदाला धागे नसतात, म्हणून डोळा फसतो. पतंगाचा कागद याहून पुष्कळ पातळ. तो आरपार रंगीत असल्यास कडेला पांढरी रेघही दिसत नाही. मात्र काही पतंगी कागदांचा रंग ओल लागताच सुटतो, यासाठी आधी कपट्यावर परीक्षा घ्यावी. तिसरा पर्याय स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या पातळ पन्नीचा. ती दुमडाल तशी राहते, म्हणून चुण्या उत्तम पडतात. पण धक्का लागला की चेपते आणि रंग धरण्यासाठी तिच्यावर आधी अस्तराचा हात द्यावा लागतो.

काठीसाठी पितळेची तार सर्वांत टिकाऊ. मोठ्या सैनिकांसाठी बांबूची बारीक काडी चालते आणि गोव्यात तर घरच्या केरसुणीतील माडाचा हीर हाताशीच असतो. कागद, पन्नी, गोंद, काडी, शिवणाचा दोरा हे सारे साहित्य बिट्टन मार्केटसारख्या कोणत्याही बाजाराच्या किराणा आणि स्टेशनरीच्या दुकानांत मिळण्याजोगे आहे. महागड्या आयात साहित्यावाचून अडत नाही.

करण्याची रीत

१. निशाणाच्या दोन्ही बाजू एकाच कागदावर शेजारी शेजारी काढाव्यात. मध्ये काठीभोवती गुंडाळण्यापुरती पट्टी सोडावी. दुसरी बाजू पहिलीचे आरशातील प्रतिबिंब असावी, नाहीतर दुमडल्यावर चिन्हे एकमेकांशी जुळत नाहीत.

२. मूळ रंग आणि चिन्हे कागद सपाट असतानाच रंगवावीत. एकदा चुण्या पडल्या की सरळ रेघ ओढता येत नाही.

३. पांढरा गोंद थोड्या पाण्यात पातळ करून आतील बाजूस सर्वत्र सारखा लावावा. कोठे कोरडे राहिले तर तेथून पुढे पापुद्रा सुटतो. मग मधली पट्टी काठीवर टेकवून दोन्ही बाजू एकमेकींवर आणाव्यात.

४. भगव्याच्या दोन शेपट्या चिकटवल्यानंतर कापाव्यात. आधी कापल्या तर दोन्ही बाजूंच्या कडा क्वचितच जुळतात.

५. गोंद ओला आहे तोवर निशाणाला आकार द्यावा. कुंचल्याची दांडी एकदा पुढून, एकदा मागून टेकवत लाटा पाडाव्यात. यासाठी दोन-तीन मिनिटेच मिळतात, म्हणून एका वेळी एकच निशाण करावे.

६. वाळल्यावर कडांवरून त्याच रंगाचा कुंचला फिरवावा. कागदाची पांढरी कड झाकली गेली की निम्मे काम फत्ते होते.

७. काठीच्या टोकावर गोंदाचा थेंब वाळवून त्यावर सोनेरी रंग दिल्यास कळस होतो. तारेचे टोक हातोडीने चपटे करून कानशीने घासल्यास भाल्याचे पाते होते. तोगासाठी शिवणाचा दोरा पिंजून झुबका बांधावा आणि माही मरातिबसाठी पन्नीची अनेक पदरी घडी चेपून माशाचे तोंड घडवावे.

छाया आणि वारा

इतके झाल्यावरही निशाण रंगीत कागदच दिसते. त्याचे कापड होते ते छायेमुळे. खऱ्या निशाणावर प्रकाश मोठ्या अंतराने पडतो आणि चुणीच्या खोलीत सावली दाटते. एवढ्याशा तुकड्यावर ती पुरेशी पडत नाही, म्हणून रंगाने पाडावी लागते. चुणीच्या उंचवट्यावर मूळ रंगात थोडा पिवळा किंवा पांढरा मिसळून फिकी रेघ द्यावी आणि खोलगट भागात गडद. भगव्याची किंवा पिवळ्याची छाया काळ्या रंगाने कधी करू नये, कारण त्याने रंग मळकट होतो. लालसर तपकिरी छटा वापरावी. जरीसाठी सबंध निशाण सोनेरी करू नये. भगव्या पोतावर सोनेरी काठ आणि मोजक्या बुट्ट्या दिल्या की जर चमकते. शेवटी चकाकी नसलेल्या वार्निशचा हात द्यावा आणि तो सोनेरी भागापासून दूर ठेवावा.

चुण्यांची दिशाही महत्त्वाची. कापड काठीला वरच्या कोपऱ्यात लटकते, त्यामुळे मंद वाऱ्यात चुण्या त्या कोपऱ्यातून तिरप्या खाली उतरतात. उभ्या समान लाटा पडल्या की निशाण पत्र्याचे वाटते. एका मेजावर वारा एकच असतो, हेही विसरू नये. उभ्या फौजेची काही निशाणे डावीकडे आणि काही उजवीकडे फडकताना दिसली, की बाकी सर्व मेहनत हास्यास्पद ठरते.

भोपाळच्या लढाईत या नियमाचा सुरेख उपयोग होतो. दौडणाऱ्या घोडेस्वाराचे निशाण वारा नसला तरी मागे ताणलेले असते. तटाआड थांबलेल्या फौजेचे निशाण काठीला लपेटून खाली ओघळते. बाजीरावांच्या पथकांची निशाणे लांब फडकती आणि निजामाच्या छावणीतील निशाणे लोंबती ठेवली, की एकही पाटी न लावता पाहणाऱ्याला कळते : एक बाजू हिंडती आहे आणि दुसरी कोंडलेली. दोराह्याच्या तहाचे कारण त्यात येऊन जाते.

गोव्याच्या मेजावर

गोव्यातील छंदिष्टांना याच कालखंडाचा दुसरा भाग घराजवळ सापडेल. भोपाळची लढाई झाली तेव्हा वसईची मोहीम सुरू झालेली होती आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. त्याच वर्षाच्या आरंभी व्यंकटराव घोरपडे यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौज साष्टीत उतरली. या लढाईत समोरचे निशाण पोर्तुगालच्या राजाचे : पांढऱ्या पोतावर मुकुटासह राजचिन्ह. त्यातील ढालीवर पाच निळ्या लहान ढाली आणि भोवतीच्या तांबड्या काठावर सोनेरी किल्ले असतात. २७ मिलिमीटरच्या निशाणावर ही सबंध ढाल जेमतेम आठ-नऊ मिलिमीटरची होते. तीत किल्ल्याचा बुरूज काढू पाहणारा हमखास फसतो. तांबड्या काठावर पिवळे ठिपके आणि मध्ये फुलीच्या आकारात पाच निळे ठिपके एवढेच द्यावे; उरलेले काम पाहणाऱ्याचा डोळा पुरे करतो. पांढऱ्या पोताच्या छायेला मात्र करडा किंवा फिका निळसर रंग लागतो.

नरकासुरासाठी कागद आणि खळ घेऊन रात्री जागवणाऱ्या मुलांच्या हातांना ही कला नवी नाही. बारकाई वाढवली आणि कुंचला लहान घेतला की झाले. त्यासोबत आणखी एक सवय लावावी लागेल : झेंडा रंगवण्यापूर्वी ‘हा कोणाचा?’ असे विचारण्याची. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुलाला पुस्तक उघडावे लागते, नकाशा पाहावा लागतो आणि समोरच्या फौजेत कोण कोण होते हेही वाचावे लागते. निशाण तयार होईपर्यंत त्याच्या हातून अर्धा इतिहास वाचून झालेला असतो. किल्ला दिवाळीनंतर पावसापाण्याने ढासळतो, मावळे पुढच्या वर्षासाठी खोक्यात जातात. निशाणापायी वाचलेले मात्र डोक्यात राहते.